मुंबईहून बंगळूरला घर हलवताना: तीन महिन्यांचं नियोजन

मुंबईहून बंगळूरला निघालेल्या मराठी कुटुंबांची तयारी साधारण एकाच क्रमाने होते. आधी पगाराचं गणित, मग ट्रकवाल्याचा शोध, मग मुलांची शाळा, आणि घर शेवटच्या आठवड्यात, फोनवर फोटो बघून. हा क्रम उलटा करा, असं मी प्रत्येकाला सांगतो. नव्या शहरातली पहिली दोन वर्षं सुखात जातील की चिडचिडीत, हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: ऑफिसला जायला लागणारा वेळ आणि नळाला येणारं पाणी. सामान, गॅस, गाडी, कागदपत्रं यांचं थोडं मागेपुढे झालं तरी निभावतं. म्हणून इथे घराबद्दल सर्वांत जास्त लिहिलं आहे आणि जे सहज उरकतं त्याबद्दल मोजकंच.

तीन महिने आधी: तारीख आणि पैसा

तारीख तुमच्या हातात असेल तर जून ते सप्टेंबर टाळा. मुंबईच्या पावसात पुठ्ठ्याचे खोके सोसायटीच्या गेटपासून ट्रकपर्यंत नेतानाच भिजतात, घाटात ट्रक अडकतात आणि गाद्यांना लागलेली ओल बंगळूरला पोचेपर्यंत वास मारू लागते. मुलं शाळेत असतील तर एप्रिल-मे सोयीचा. घर बघायला तर एप्रिलइतका चांगला महिना नाही. मार्च ते मे हा बंगळूरचा पाणीटंचाईचा काळ. २०२४ च्या उन्हाळ्यात हजारो बोअरवेल आटल्या आणि चांगल्या चांगल्या सोसायट्यांत पाणी मोजून मिळत होतं. एप्रिलमध्ये ज्या इमारतीत दिवसभर पाणी आहे, तिथे वर्षभर काळजी नाही.

पैशाचं गणित वेगळ्याच ठिकाणी अडतं. मुंबईत भाड्याने राहत असाल तर तुमचं डिपॉझिट घर रिकामं केल्यावर परत येतं. बंगळूरचं डिपॉझिट मात्र चावी घेण्याआधी भरावं लागतं. एकेकाळी इथे दहा महिन्यांच्या भाड्याइतकं डिपॉझिट सर्रास मागायचे, आता पाच-सहा महिन्यांवर बऱ्याच ठिकाणी तडजोड होते, पण जुन्या वस्त्यांत अजून दहाचा आकडा ऐकू येतो. समजा भाडं ३५,००० रुपये ठरलं आणि डिपॉझिट पाच महिन्यांचं, तर १,७५,००० डिपॉझिट, ३५,००० पहिलं भाडं आणि दलालामार्फत घर घेतलं तर आणखी एका महिन्याच्या भाड्याइतकी दलाली. म्हणजे ट्रक हलायच्या आधी २,४५,००० रुपये हातात हवेत, आणि त्या दिवसांत मुंबईचं भाडंही चालूच असतं. कंपनी स्थलांतराचा खर्च देत असेल तर तो बिलं दिल्यावर मिळतो की आगाऊ, हे नेमणूकपत्रावर सही करण्याआधी विचारून घ्या. आगाऊ मिळाला तर अर्धी चिंता मिटते.

मुंबईत स्वतःचं घर असेल तर पहिल्या वर्षी ते विकू नका. बंगळूर मानवलं नाही, नोकरी बदलली, आई-वडिलांची तब्येत बिघडली, यांतलं काहीही होऊ शकतं, आणि एकदा विकलेलं मुंबईचं घर पुन्हा त्याच भागात घेणं नोकरदार माणसाला जवळपास अशक्य. भाड्याने द्या. त्यासाठी लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवावा लागतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार ही नोंदणी बंधनकारक आहे आणि ती करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची, म्हणजे तुमची. पोलिसांना भाडेकरूची माहिती द्या, सोसायटीला लेखी कळवा. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावेल. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, त्यामुळे कमिटीने मनमानी आकडा सांगितला तर नम्रपणे नियम दाखवा.

घर: आधी रस्ता, मग पाणी, मग खोल्या

मुंबईकर अंतर मिनिटांत मोजतो, कारण लोकलमुळे ती मिनिटं बऱ्यापैकी पक्की असतात. ठाण्याहून दादर म्हटलं की डोळ्यांसमोर वेळ उभी राहते. बंगळूरमध्ये तसं धरून चालू नका. इथे दहा किलोमीटरला सकाळी सातला पंचवीस मिनिटं लागतात आणि साडेनऊला सव्वा तास. नकाशावर सुट्टीच्या दिवशी बघितलेला वेळ पूर्ण फसवा.

म्हणून आधी ऑफिसचा नेमका पत्ता घ्या. ‘बंगळूर’ म्हणजे व्हाइटफील्ड की इलेक्ट्रॉनिक सिटी, आउटर रिंग रोडवरचं बेलंदूर की हेब्बाळजवळचं मान्यता टेक पार्क, यावर सगळं अवलंबून आहे. एका टोकाला ऑफिस आणि दुसऱ्या टोकाला घर घेतलं तर संध्याकाळ उरत नाही. नम्म मेट्रोच्या, म्हणजे बंगळूरच्या मेट्रोच्या, मार्गांवरून विचार सुरू करा. पर्पल लाइन व्हाइटफील्डपासून मॅजेस्टिकमार्गे चल्लघट्टापर्यंत, ग्रीन लाइन उत्तरेला मादावरापासून दक्षिणेला सिल्क इन्स्टिट्यूटपर्यंत, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेली यलो लाइन आर. व्ही. रोडपासून इलेक्ट्रॉनिक सिटीमार्गे बोम्मसंद्रापर्यंत. ऑफिस व्हाइटफील्डला असेल तर इंदिरानगर किंवा बैयप्पनहळ्ळीच्या बाजूला राहूनही मेट्रोने आरामात जाता येतं. इलेक्ट्रॉनिक सिटीत असेल तर जयनगर किंवा आर. व्ही. रोडचा परिसर बघा. लोकलची सवय असलेल्या माणसाला स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवरचं घर इथेही सर्वांत जास्त मानवतं. त्यासाठी भाडं थोडं जास्त पडलं तरी द्या.

घर नक्की करण्याआधी एक फेरी फक्त यासाठी काढा. मंगळवारी किंवा बुधवारी, कारण आठवड्यातून काही दिवस घरून काम करणाऱ्यांची ऑफिसला जायची गर्दी याच दिवशी असते. ज्या घराचा विचार आहे त्याच्या दारातून सकाळी तुमच्या वेळेला निघा, ऑफिसच्या गेटपर्यंत जा आणि संध्याकाळी सहाला तिथून परत या. पाऊस पडत असेल तर आणखी उत्तम, खरी परीक्षा तेव्हाच होते. सिल्क बोर्ड आणि हेब्बाळ हे दोन चौक तुमच्या रोजच्या वाटेत येत असतील तर दुसरं घर बघा.

आता पाणी. मुंबईला भातसा, तानसा, वैतरणासारख्या तलावांचं मऊ पाणी मिळतं आणि त्याची आपल्याला इतकी सवय असते की पाणी जड असू शकतं हे लक्षातच येत नाही. बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून उंच आहे. कावेरीचं पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून पंपांनी वर चढवून आणावं लागतं. ते सगळीकडे पोचत नाही. जिथे पोचत नाही तिथे बोअरवेल आणि टँकर. ऑक्टोबर २०२४ मध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला आणि शहरात नव्याने आलेल्या ११० गावांकडे पाणी वळलं, तरी प्रत्येक इमारतीने जोडणी घेतलेली असेल असं नाही. घर दाखवणारा माणूस ‘कावेरी आहे’ असं हमखास सांगतो. त्यावर विसंबू नका.

घरात शिरलात की आधी बाथरूममध्ये जा. नळाच्या तोटीभोवती आणि शॉवरच्या भोकांवर पांढरा, खडबडीत थर आहे का बघा. नखाने खरवडून निघाला नाही तर ते बोअरचं क्षाराचं पाणी. फरशीच्या कडेला, कमोडच्या आत पिवळट-पांढरे ओघळ, गिझरच्या पाइपच्या सांध्यावर साचलेली चुनखडी, या सगळ्या त्याच खुणा. हात धुऊन बघा: साबणाला फेस येत नाही, आणि धुतल्यावरही हाताला कोरडी कचकच जाणवते. असल्या पाण्यात तूरडाळ चार शिट्ट्यांनीही शिजत नाही, भांड्यांवर डाग राहतात, केस राठ होतात आणि गिझरची कॉइल लवकर जाते. इमारतीला पाणी मऊ करणारं यंत्र असेल तर वापराच्या पाण्याचा प्रश्न बराच सुटतो. स्वयंपाक आणि पिण्यासाठी तरी कावेरीचं किंवा आरओचं पाणी लागेलच.

मग खाली सुरक्षारक्षकाकडे जा आणि सहज विचारा, ‘एप्रिलमध्ये रोज किती टँकर येतात?’ तो खरं सांगतो. इमारतीच्या असोसिएशनकडून, म्हणजे इथल्या सोसायटीकडून, गेल्या उन्हाळ्याचं मेंटेनन्सचं बिलही मागून बघा. पाण्याला वेगळं मीटर असेल तर टँकरच्या महिन्यात बिल किती वाढतं ते कळेल. या चौकशीत घरमालक नाराज झाला तर होऊ दे.

खोल्यांचं काय? मुंबईहून आलेल्याला बंगळूरची कुठलीही टू बीएचके मोठी वाटते, आणि त्या मोठेपणाच्या आनंदात माणूस वरचे दोन्ही प्रश्न विसरतो. एवढंच लक्षात ठेवा.

करार आणि डिपॉझिट

इथे अकरा महिन्यांचा करार ई-स्टॅम्प पेपरवर होतो आणि मुंबईसारखी ऑनलाइन नोंदणी सहसा कोणी करत नाही. त्यामुळे कागदावर काय लिहिलंय याला जास्त महत्त्व. तीन कलमं काळजीपूर्वक वाचा. पहिलं रंगकामाचं: घर सोडताना एका महिन्याचं भाडं रंगासाठी कापायची इथे पद्धत आहे. ते मान्य असेल तर ‘एक महिन्याचं भाडं’ असा स्पष्ट आकडा लिहून घ्या. ‘प्रत्यक्ष खर्चानुसार’ असं लिहिलेलं नको. दुसरं डिपॉझिट परतीचं: चावी दिल्यापासून किती दिवसांत, आणि कशाकशाची वजावट, हे लिहिलेलं असावं. तिसरं नोटीस आणि लॉक-इनचं, म्हणजे किती महिने घर सोडता येणार नाही त्याचं.

‘लीज’वर घर देतो असं कोणी म्हणालं तर तो आपल्याकडच्या हेवी डिपॉझिटसारखा प्रकार. मोठी रक्कम एकरकमी द्यायची, दरमहा भाडं नाही, सोडताना रक्कम परत. नवख्या माणसाने यात पडू नये. मालकाने घरावर कर्ज काढलं असेल, किंवा मध्ये एजन्सी असेल आणि खऱ्या मालकाला पत्ताच नसेल, तर तुमची आयुष्याची पुंजी अडकते.

चावी घेण्याच्या दिवशी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा. भिंती, नळ, कपाटाच्या बिजागऱ्या, वीज मीटरचं रीडिंग. तो मालकाला त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर पाठवा. इथली वीज कंपनी बेस्कॉम, तिचं मागचं बिलही घ्या, त्यावरचा आरआर नंबर, म्हणजे वीजजोडणीचा क्रमांक, पुढे लागतो. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत भाडेकरूंनाही वीजबिलाची सवलत मिळते, पण आधीच्या भाडेकरूचा आधार त्या मीटरवरून काढलेला असायला हवा.

मुंबईचं घर बंद करताना

भाड्याच्या घरात असाल तर करारातला नोटीसचा काळ मोजून लेखी नोटीस द्या आणि घराचा ताबा परत दिल्याची पावती सहीनिशी घ्या. बेस्ट, अदानी, टाटा पॉवर, महावितरण, जे असेल त्याचं शेवटचं रीडिंग घेऊन बिल भरा आणि पावती मालकाला पाठवा.

गॅस सिलिंडर ट्रकमधून नेता येत नाही. वितरकाकडे सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा केलं की डिपॉझिट परत मिळतं आणि एक टर्मिनेशन व्हाउचर मिळतं. ते जपून ठेवा, त्यावर बंगळूरमध्ये नवी जोडणी मिळते. महानगर गॅसची पाइप जोडणी तुमच्या नावावर असेल तर तीही रीतसर बंद करून अनामत परत घ्या. पाइप गॅसवर चालणारी शेगडी सिलिंडरवर चालवायची तर मेकॅनिककडून जेट बदलून घ्यावे लागतात. ते मुंबईतच करून घेतलं तर पोचल्या दिवशी चहा होतो.

बँकेचं खातं बंद करू नका, फक्त पत्ता बदला. फॅमिली डॉक्टरकडून आई-वडिलांच्या आजारांची, औषधांची एक पानभर माहिती लिहून घ्या आणि जुने रिपोर्ट एका फाइलीत लावा. आरोग्य विमा कंपनीला नवा पत्ता कळवा आणि नव्या घराजवळची कोणती रुग्णालयं कॅशलेस यादीत आहेत ते बघून ठेवा. घरात ज्येष्ठ माणूस असेल तर हे काम सामान बांधायच्या आधी करा.

सामान

चाळीतला किंवा छोट्या फ्लॅटमधला सुताराने मापाने बनवलेला पलंग, भिंतीला ठोकलेलं कपाट, हे सामान न्यायचा मोह होतो. सोडताना त्याचे सांधे निघतात आणि नव्या भिंतीला ते बसत नाही. ते मुंबईतच कुणाला तरी देऊन टाका. फ्रिज, वॉशिंग मशीन, चांगल्या गाद्या, पुस्तकं, भांडी, शिलाई मशीन, देव्हारा, हे न्या.

मूव्हर्सचं दरपत्रक फोनवर घेऊ नका. माणूस घरी येऊन सामान बघून गेला पाहिजे. किमान तिघांकडून लेखी दर घ्या आणि सगळ्यांत स्वस्तातला सोडून द्या. या धंद्यातला नेहमीचा फसवणुकीचा प्रकार असा: कमी दर सांगायचा, सामान चढवायचं, आणि वाटेत ‘सामान जास्त निघालं’ म्हणत दुप्पट पैसे मिळेपर्यंत ट्रक उभा ठेवायचा. म्हणून दरात पॅकिंग, चढवणं-उतरवणं, जिने, टोल, जीएसटी आणि विमा धरलाय का, हे कागदावर हवं. आगाऊ रक्कम थोडीच द्या आणि बाकी सामान उतरल्यावर. बिल्टीवर, म्हणजे माल चढवल्याच्या पावतीवर, तुमच्या यादीतल्या प्रत्येक खोक्याचा नंबर असावा.

पूर्ण ट्रक घ्यायचा की इतरांच्या सामानाबरोबर पाठवायचं, हा प्रश्न येतोच. मुंबई ते बंगळूर रस्त्याने साधारण ९८० किलोमीटर. स्वतंत्र ट्रक दोन-तीन दिवसांत पोचतो. सामायिक ट्रकमध्ये पैसे वाचतात पण गोदामात सामान उतरवून पुन्हा चढवतात, आठवडाभर लागतो आणि आदळआपट दुप्पट. वन बीएचकेपेक्षा जास्त सामान असेल तर मी स्वतंत्र ट्रकच सुचवेन.

दोन्हीकडच्या सोसायट्यांची परवानगी आधी घ्या. बंगळूरच्या बऱ्याच अपार्टमेंटमध्ये सामान चढवायच्या वेळा ठरलेल्या असतात आणि मूव्ह-इन शुल्क घेतात. शहरात अवजड गाड्यांना गर्दीच्या वेळी बंदी असते, त्यामुळे ट्रक रात्री किंवा पहाटे शिरेल हे धरून चाला. मालकाचं नाहरकत पत्र गेटवर लागतं.

दागिने, मूळ कागदपत्रं, लॅपटॉप, औषधं, मुलांच्या दोन दिवसांचे कपडे आणि एक कुकर, एक कढई, चहाचं भांडं स्वतःजवळ ठेवा.

गाडी

दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार तिथे नवीन नोंदणी करावी लागते. त्यासाठी मुंबईच्या आरटीओकडून फॉर्म २८ वर नाहरकत प्रमाणपत्र घ्यायचं. कर्ज असेल तर आधी बँकेचं संमतिपत्र. मग कर्नाटकचा आयुष्यभराचा कर भरायचा. तो गाडीच्या मूळ किमतीवर अवलंबून असतो, पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना मूळ दर १३ ते १८ टक्क्यांच्या घरात, त्यावर उपकर, आणि गाडीच्या वयानुसार त्यातून सूट. नवी नोंदणी झाली की महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो. अर्ज मूळ आरटीओतच करायचा असतो, पाठपुरावा लागतो, पण मिळतो.

गाडी सात-आठ वर्षांची झाली असेल तर मुंबईतच विकलेली बरी. नवी असेल आणि वर्षभरात परतायची शक्यता असेल तर नोंदणीची घाई नको. मात्र तुम्ही कधी आलात याचा पुरावा, म्हणजे टोलच्या नोंदी, भाडेकरार आणि विम्याची प्रत, गाडीत ठेवा. परराज्याची पाटी बघून वाहतूक पोलीस थांबवतात तेव्हा उपयोगी पडतात. दुचाकी रेल्वेच्या पार्सलने पाठवता येते. टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढावं लागतं आणि आरसीची प्रत लागते.

गाडी स्वतः चालवत नेणार असाल तर पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकूर असा राष्ट्रीय महामार्ग ४८ आहे. हुबळीला मुक्काम केला तर दोन दिवसांत न दमता पोचता. वेळ असेल तर दावणगेरे जिल्ह्यातल्या होदिगेरेला वाट वाकडी करा. शहाजीराजांची समाधी तिथे आहे. बंगळूर त्यांची जहागीर होती, आणि मल्लेश्वरमचं काडु मल्लेश्वर मंदिर त्यांचा मुलगा एकोजी यांनी बांधलं. मुलांना हे वाटेतच सांगितलं तर नव्या शहराची पहिली ओळख चांगली होते.

शाळा

नववीत किंवा दहावीत मूल असेल आणि थांबणं शक्य असेल तर थांबा. एकाने पुढे जावं, बाकीच्यांनी दहावीनंतर यावं. सीबीएसईसारख्या बोर्डांची नोंदणी नववीतच होते आणि मधे बदल करताना मुलावर फार ताण येतो.

महाराष्ट्र बोर्डातून परराज्यात जाताना शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी लागू शकते. मुंबईतून निघण्याआधी करून घ्या, नंतर बंगळूरहून हे काम करणं जिकिरीचं होतं. गुणपत्रकं आणि जन्मदाखल्याच्या प्रतीही घ्या. कर्नाटकात २०१५ च्या कायद्यानुसार शाळांत कन्नड शिकवणं बंधनकारक आहे. मूल मोठ्या वर्गात जात असेल तर कन्नडच्या बाबतीत शाळा काय करते, सुरुवातीला वेगळी शिकवणी देते का, हे पहिल्या भेटीत विचारा. लहान मुलांची काळजी करू नका. ती इमारतीखाली खेळून सहा महिन्यांत बोलायला लागतात.

पहिला महिना

आधारवरचा पत्ता आधी बदला, कारण बाकीचे बदल त्यावरून होतात. स्त्रियांनी तर नक्कीच: कर्नाटकच्या शक्ती योजनेत जून २०२३ पासून राज्यातल्या स्त्रियांना सरकारी साध्या बसमध्ये प्रवास मोफत आहे आणि त्यासाठी कर्नाटकचा पत्ता असलेलं ओळखपत्र दाखवावं लागतं. मतदार यादीतला पत्ता बदलायला फॉर्म ८ भरा. पूर्वी दुसऱ्या मतदारसंघात गेल्यावर फॉर्म ६ भरावा लागायचा, तो नियम बदलला आहे.

कचऱ्याला दोन डबे आणि एक पिशवी: ओला, सुका आणि सॅनिटरी. इथे हे काटेकोर पाळतात. मिसळलेला कचरा घेत नाहीत.

कामाला बाई शोधताना शेजारणींना विचारा आणि पाण्याच्या वेळेप्रमाणे तिची यायची वेळ ठरवून घ्या. रिक्षा मीटरने येईल या भरवशावर स्टेशनबाहेर उभे राहू नका, ॲपवरून बोलवा किंवा भाडं आधी ठरवा. विमानतळ देवनहळ्ळीला, शहराच्या मध्यापासून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर आहे. संध्याकाळच्या विमानाला दोन तास आधी घरून निघालात तर विमान चुकेल. विमानतळाच्या वायु वज्र बस दिवसरात्र चालतात, मोठ्या बॅगा ठेवायला जागा असते, आणि मला त्या टॅक्सीपेक्षा जास्त खात्रीच्या वाटतात.

हवेला मुंबईकर भुलतो आणि पाऊस विसरतो. मुंबईसारखा चार महिने कोसळत नाही, पण मेमध्ये वळवाचा आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये परतीचा असा जोरात येतो की तासाभरात अंडरपास भरतात. कपाटातून स्वेटर काढा, छत्री मात्र ऑक्टोबर संपेपर्यंत आत ठेवू नका.

बाजार आणि बोली

कोलम तांदूळ सहज मिळत नाही, सोना मसुरी मिळतो आणि त्याला पाणी थोडं वेगळं लागतं. दूध नंदिनी या इथल्या ब्रँडचं. भाजणी, गोडा मसाला, मेतकूट आणि कोकम यांचा तीन महिन्यांचा साठा बरोबर आणा. भाजी-फुलांसाठी मल्लेश्वरमचा आठवा क्रॉस किंवा बसवनगुडीतला गांधी बाजार. गांधी बाजारात सणाच्या आदल्या दिवशी फुलांचे ढीग बघून दादर आठवतंच.

मासे खाणाऱ्यांची पहिले काही आठवडे चुकामूक होते, कारण नावं वेगळी. सुरमई इथे अंजल, बांगडा म्हणजे बंगुडे, कोळंबी म्हणजे सिगडी. मासळी मंगळूरकडून येते. शिवाजीनगरच्या रसेल मार्केटमध्ये सकाळी लवकर जा. ओले बोंबील क्वचितच दिसतात, दिसले तर त्याच क्षणी घ्या.

हिंदीवर काम भागतं, पण फक्त हिंदीवर राहिलात तर दहा वर्षांनीही पाहुणे राहाल. मुंबईत नव्याने आलेल्याने चार शब्द मराठी बोलले की आपल्याला कसं वाटतं, तेच इथल्यांना वाटतं. सुरुवातीला एवढे पुरतात: नीरु पाणी, हालु दूध, एष्टु किती, बेकु हवं, बेडा नको, साकु पुरे, एल्लि कुठे, एडगडे डावीकडे, बलगडे उजवीकडे. ‘कन्नड स्वल्प स्वल्प बरुत्ते’, म्हणजे थोडं थोडं येतं, एवढं वाक्य बोललं की भाजीवाली अक्का पुढचं वाक्य स्वतः शिकवते. लिपी शिकायचीही सवड काढा. बसच्या पाट्या वाचता आल्या की शहर मोकळं होतं.

आपल्याला एक मोठी सोय आहे. इथलं पंचांग आपल्यासारखंच अमान्त, म्हणजे अमावास्येला महिना संपणारं, त्यामुळे श्रावण असो की भाद्रपद, प्रत्येक महिना दोन्हीकडे एकाच दिवशी सुरू होतो. पाडव्याला युगादी, आपल्यासारखाच कडुनिंब आणि गूळ. पुरणपोळी म्हणजे होळिगे किंवा ओबट्टु. फरक पडतो तो गौरींना. इथे गौरी गणपतीच्या आदल्या दिवशी, तृतीयेला येते. आपल्या ज्येष्ठा गौरी चतुर्थीनंतर. बाजारात गौरीचं सामान आधीच येतं आणि चतुर्थीनंतर मिळेनासं होतं. घरी गौरी बसवत असाल तर मुखवटे मुंबईहून आणा आणि बाकीचं सगळं तृतीयेच्या आधी घेऊन ठेवा. गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळाचे कार्यक्रमही नोंदवून ठेवा, पहिल्या वर्षी तिथे ओळखी होतात.

गणपतीला मुंबईला जायचं असेल तर तेही आत्ताच ठरवा. बहुतेक ऑफिसांत सुट्टी चतुर्थीच्या एकाच दिवसाची असते, म्हणून पुढच्या दिवसांची रजा जूनमध्येच मांडून ठेवा. उद्यान एक्सप्रेस पुणे-सोलापूर-रायचूरमार्गे सुमारे एका दिवसात पोचवते. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि सणाच्या तारखांची तिकिटं पहिल्या सकाळीच संपतात. जाण्याचं आणि परतीचं तिकीट वेगवेगळ्या दिवशी उघडतं, त्यामुळे दोन्ही तारखांचे गजर लावा. तिकीट नाहीच मिळालं तर खासगी बसचा दर त्या आठवड्यात भडकलेला असतो. अशा वेळी हुबळी किंवा बेळगावपर्यंत रेल्वेने जाऊन पुढे कोल्हापूरमार्गे एसटीने येणं स्वस्त पडतं.